‘आई हवी, पण आई वाटायला नको’

नाशिकच्या एका अभिनेत्रीने विचारलंय. वय ३६. दहा वर्षं हौशी रंगभूमी, राज्य नाट्य स्पर्धेतली दोन बक्षिसं, तीन मालिकांत वकीलबाई, नर्स आणि शेजारीण. आता एका नव्या डेलीसोपमध्ये हिरोच्या आईसाठी विचारणा आली आहे. हिरो २९ वर्षांचा. कलाकारांना कामं मिळवून देणारा एक कोऑर्डिनेटर म्हणतो, आई केलीस की संपलीस, त्यापेक्षा प्रोफाइलवर वय २४ ते २८ टाक. दुसरा म्हणतो, नाही म्हणालीस तर घरी बसशील. तिचे प्रश्न तीन: काम घेऊ का, वय लपवू का, आणि ‘ताई, याच्याविरुद्ध कायदा-बियदा काही आहे की नाही?’ शुक्रवारपर्यंत तिला कळवायचंय.

ऐक. मी या धंद्यात आले १९९९ मध्ये, अल्फा मराठी सुरू झालं त्या सुमारास. तेव्हा मला कुणी कास्टिंग डिरेक्टर म्हणत नसे. मी ‘ती मुलं जमवणारी मुलगी’ होते. शिवाजी मंदिरला प्रयोग सुटला की मागच्या दाराशी उभी राहायचे आणि कोण रिकामं आहे ते विचारायचे. आता वर्सोव्याला आरामनगरमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस आहे, बाहेर रांग लागते, आणि त्या रांगेत रोज एक तरी बाई मला तुझाच प्रश्न विचारते. आधीच कबूल करते की तुझ्यावर होतोय तो अन्याय मी स्वतः या हातांनी कित्येकदा केलाय. एका फार चांगल्या नटीला मी तिच्या तेहतिसाव्या वर्षी पंचविशीच्या मुलाची आई केलं. तिला मुख्य भूमिका मिळायला हवी होती, हे मला माहीत होतं. पण मला ते कास्टिंग सोमवारपर्यंत लॉक करायचं होतं.

तुला आधी ब्रीफ कसं येतं ते दाखवते. चॅनेल किंवा प्रॉडक्शनकडून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते. नुकतीच आलेली एक, ओळखू येऊ नये इतपत बदलून:

‘वडील. ५० ते ५५. साखर कारखान्याचे चेअरमन. बोलायला मऊ, आतून पाताळयंत्री. किंचित लंगडतात. आवाज हवा.
आई. ३५ ते ४०. सुंदर, सोज्वळ, प्रेमळ. साडी कॅरी करता आली पाहिजे.’

त्याच यादीत वर हिरो होता, २८ वर्षांचा. आता पस्तिसातून अठ्ठावीस वजा कर. सातव्या वर्षी बाळंतपण! हा हिशोब कुणी करतच नाही, कारण यादीतलं बाईचं वय हे तिचं वय नसतंच. हिरो तरुण दिसावा यासाठी शेजारी जो आकडा उभा करावा लागतो, तो आकडा असतो. वडिलांना लंगड आहे, कारखाना आहे, कपट आहे. आईला साडी आहे. वडिलांचं वय त्यांच्या कारखान्यावरून ठरलं, आईचं मुलावरून. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला इथूनच द्यायची आहेत, म्हणून हे डोक्यात ठेव.

मी त्या मालिकेच्या क्रिएटिव्हला, म्हणजे सव्वीस वर्षांच्या एका हुशार मुलीला, विचारलं की पन्नाशीची बाई का नको? ती म्हणाली, ‘मॅम, आई हवी, पण आई वाटायला नको.’ अगदी गंभीरपणे म्हणाली. मीही मान डोलावली आणि फोन ठेवल्यावर हसत बसले. पण तिचं वाक्य धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. का, ते सांगते.

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे: प्रोमोत चार बायका दिसणार, चारही ‘फ्रेश’ दिसल्या पाहिजेत. दुसरं कारण कुणी बोलत नाही. पस्तिशीची, फारशी नाव नसलेली नटी दिवसाच्या दरात स्वस्त पडते. पंचावन्नची, पन्नास नाटकं केलेली बाई निम्म्या दरात येत नाही. ती संध्याकाळी सातला गाडी मागते. घोडबंदरच्या बंगल्यातल्या सेटवर तेरा तास उभं राहायला लावलंत तर खुर्ची मागते, आणि आयत्या वेळी हातात पडलेला सीन वाचून ‘हे वाक्य ही बाई बोलणार नाही’ असंही सांगते. तू यातलं काही करणार नाहीस असं त्यांनी गृहीत धरलंय. म्हणजे अन्याय दोघींवर होतो. तुझ्या वयाची भूमिका तुझ्यापासून काढून घेतली आणि तिच्या वयाची भूमिका तुला दिली. मग ती घरी बसते, आणि दहा वर्षांनी तू.

तिसरं कारण हिरो. सिनेमात हे सगळ्यात उघड दिसतं, कारण तिथे हिरोच्या नावावर पैसा उभा राहतो आणि तो वीस-तीस वर्षं तसाच उभा राहावा लागतो. नायिका दर तीन वर्षांनी बदलता येते. हिरो बदलता येत नाही, म्हणून त्याचं वय लपवायचं काम आजूबाजूच्या बायकांकडे येतं. समोर विशीतली मुलगी उभी करायची, मागे चाळिशीची आई उभी करायची, की मधला माणूस आपोआप तिशीचा दिसतो.

हे काही आजचं नाही. ‘मदर इंडिया’ आला १९५७ मध्ये. नर्गिस आणि सुनील दत्त, दोघांचाही जन्म जून १९२९ चा. पडद्यावर ती त्याची आई, आणि पुढच्याच वर्षी प्रत्यक्षात त्याची बायको. तिथे निदान भूमिका तिच्या खांद्यावर होती, तरुण वधूपासून म्हातारीपर्यंतचा सगळा प्रवास तिचा होता, म्हणून मी त्या उदाहरणाला फार नाव ठेवत नाही. पण आपल्या सुलोचनाबाई घे. जन्म १९२८. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झालेली मराठी पडद्याची नायिका. हिंदीत ‘सुजाता’मध्ये, १९५९ साली, त्या नूतनला वाढवणाऱ्या आई झाल्या. तेव्हा त्या फार तर एकतीस वर्षांच्या असतील, आणि नूतन त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदच्या आई आहेत. देव आनंदचा जन्म १९२३ चा. मुलगा आईहून पाच वर्षांनी मोठा!

सगळ्यात बोलका दाखला मला राखीचा वाटतो. अमिताभपेक्षा ती जवळजवळ पाच वर्षांनी लहान. ‘कभी कभी’त त्याची प्रेयसी. १९८२ मध्ये तिचे त्याच्याबरोबर दोन सिनेमे आले. ‘बेमिसाल’मध्ये अमिताभ तिच्यावर मनातून जीव टाकतो, आणि ‘शक्ती’मध्ये ती त्याची आई आहे. एकाच वर्षात. तोच माणूस, तीच बाई. नवोदित मुली मला विचारतात की नायिका आईच्या भूमिकांकडे नक्की कितव्या वर्षी ढकलली जाते, तेव्हा मी हे वर्ष सांगते. ते वय नसतं, शेड्यूल असतं.

रीमाताई लागूंची गोष्ट आपल्या घरातली. जन्म १९५८. रंगभूमीवर ‘पुरुष’सारखं नाटक पेललेली बाई. ‘मैंने प्यार किया’त सलमानची आई झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि सलमान चोवीसचा. दहा वर्षांनी ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई. दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर. ‘वास्तव’मधलं तिचं काम बघितलं की वयाचा मुद्दा मी विसरते, हेही खरं. पण तेच तर दुखतं. इतकी ताकद असलेल्या नटीला हिंदीने तिशीपासून देवघरासमोर उभं केलं. तिच्या वयाच्या बाईला प्रेमात पडण्याचा, चुकण्याचा, नोकरी गमावण्याचा काही सीन असतो, हे बहुतेक लेखकांना सुचलंच नाही.

आणि ‘हे सगळं जुनं झालं’ म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ च्या ‘भारत’मध्ये सलमानच्या आईचं काम सोनाली कुलकर्णीने केलं. ‘दोघी’ आणि ‘देऊळ’वाली सोनाली. ती सलमानहून जवळपास नऊ वर्षांनी लहान आहे. ‘जवान’मध्ये शाहरुखला वाढवणारी आई रिद्धी डोग्रा त्याच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. गोष्टीत काळ पुढे-मागे जातो हे मला मान्य. पण काळ पुढे-मागे नेताना दरवेळी मेकअपची पांढरी बट बाईच्याच कानशिलावर का चढते?

इथे तू म्हणशील, ताई, कलाकाराने कुठलंही वय करावं. करावंच. ‘सारांश’मध्ये अनुपम खेर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याने निवृत्त म्हातारा केला. शेजारी रोहिणी हट्टंगडी, त्याही तरुणच. त्याआधी ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा मिळालेलं. पुढे खेरांना खलनायक मिळाला, विनोद मिळाला, सगळी दुकानं उघडी राहिली. रोहिणीताई १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये स्वतःहून बऱ्याच मोठ्या असलेल्या अमिताभची आई झाल्या. म्हातारं काम करणं आणि म्हातारपणाचा शिक्का बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्का बाईला लवकर आणि खोल बसतो.

उलट बाजूही पाहा. म्हातारीची भूमिका मध्यवर्ती असली की ती अचानक तरुणीकडे जाते. ‘सांड की आँख’मध्ये साठीच्या नेमबाज आज्या तापसी आणि भूमीने केल्या, दोघी तिशीच्या आसपास. तेव्हा नीना गुप्तांनी उघड म्हटलं होतं की आमच्या वयाच्या भूमिका तरी आमच्याकडून करून घ्या. याच नीनाताईंनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, चांगलं काम शोधतेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी, राष्ट्रीय पुरस्कार गाठीला असताना. पुढच्या वर्षी ‘बधाई हो’ आला. आमच्या ऑफिसात त्या पोस्टवर तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणे, इतकं उघड मागू नये. मी दुसऱ्या तटात होते.

थोडं विषयांतर, पण हा मुद्दा मी कित्येक वर्षं मनात धरून आहे. १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया’त एकवीस वर्षांच्या काजोलसाठी लताबाई गायल्या. त्या तेव्हा सहासष्टच्या. त्याच वर्षी ‘रंगीला’त एकवीस वर्षांच्या ऊर्मिलासाठी आशाबाई गायल्या, बासष्टच्या घरात. कुणा निर्मात्याने म्हटलं नाही की आवाज वयस्कर आहे. प्रेक्षकांनी तर अजिबात नाही. आणि त्याच्याही मागे जा. बालगंधर्व चाळिशी उलटल्यावरही भामिनी आणि सिंधू करत होते, आणि पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्या शालूंची नक्कल करत होत्या. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला सहासष्टीचा गळा विशीचा वाटतो, चाळिशीचा पुरुष नवयौवना वाटतो. त्याची कल्पनाशक्ती चांगली धडधाकट आहे. ‘ऑडियन्स अ‍ॅक्सेप्ट करणार नाही’ हे वाक्य तुला मीटिंगमध्ये ऐकू येईल, तेव्हा हे आठव. तोंडावर बोलू नकोस, काम जाईल. नुसतं आठव.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते. आधी वय लपवण्याचं.

लपवू नकोस, आणि सांगतही सुटू नकोस. करार करताना पॅन आणि आधारची प्रत द्यावी लागते, त्यावर जन्मतारीख असते. म्हणजे खोटं फार तर तीन आठवडे टिकतं, आणि पकडलं जातं ते नेमकं सही करायच्या टेबलावर, जिथे तुझी बाजू आधीच पडकी असते. प्रोफाइलवर जन्मतारीख टाकायची गरज नाही. ‘प्लेइंग एज’ टाकायचं, आणि ते तुझ्या बाबतीत ३० ते ४२. ही थाप नाही, तू काय दिसू शकतेस त्याची ती माहिती आहे. २४ ते २८ टाकलंस तर माझ्यासारखी बाई तुझा फोटो कॉलेजकन्येच्या फोल्डरमध्ये टाकते. तिथे तुझी गाठ खऱ्या बाविशीच्या दोनशे मुलींशी पडते, आणि तिशीच्या डॉक्टरचं काम आलं की त्या फोल्डरकडे मी बघतही नाही. मागच्या महिन्यात असंच झालं. एक बाई मला हवी होती, नाव आठवेना, शोधून सापडेना. नंतर कळलं, ती ‘यंग गर्ल्स’मध्ये पडून होती. तिथे तिला कोऑर्डिनेटरनेच टाकलं होतं.

फोटो आजचे हवेत, फिल्टरशिवाय. सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच चित्रित केलेली ऑडिशन, पाठवताना मोबाइल हातभर अंतरावर धरून पुढच्या कॅमेऱ्याने काढू नकोस. त्याने नाक मोठं आणि चेहरा ओढलेला दिसतो, आणि तू उगीच पाच वर्षांनी मोठी होतेस. मागचा कॅमेरा, सहा-सात फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला, खिडकी तुझ्या समोर. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, कारण डोळ्यांखाली जी काळी खळी पडते ती वयाची नसते, त्या ट्यूबची असते. आणि कृपा करून रडण्याचा सीन पाठवू नकोस. सगळ्या तोच पाठवतात. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाचा सीन पाठव. बाई कोण आहे ते त्यात कळतं.

चेहऱ्याला टोचून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो निर्णय सर्वस्वी तुझा. मी फक्त मॉनिटरवर काय दिसतं ते सांगते. क्लोजअपमध्ये कपाळ हललं नाही की दिग्दर्शक रिटेक मागतो, आणि कपाळ तरीही हलत नाही.

काम घेऊ का? मी ‘घे’ किंवा ‘नको’ असं म्हणणार नाही, कारण आईच्या भूमिका दोन जातीच्या असतात. एक आई दिवाणखान्यात सोफ्यामागे उभी असते. घरातले अकरा जण रांगेत, मधोमध सासू-सून भांडतायत, आणि हिला वाट्याला येतं ‘अहो, जाऊ द्या ना’. दिवस मात्र पूर्ण जातो. दुसरी आई म्हणजे ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती. मोठ्या मुलांची आई, पण गोष्ट तिची आहे. तिचा नवरा फसवतो, ती घर सोडते, गाते, पुन्हा प्रेमात पडते. ती मालिका २०१९ च्या अखेरीस सुरू होऊन जवळजवळ पाच वर्षं चालली. त्याच वर्षी ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफांची आसावरी सासू असून बोहल्यावर उभी राहिली. आणि लोकांनी ते बघितलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून. जरा आधी, २०१८ मध्ये, ‘तुला पाहते रे’ होती: चाळिशीतला उद्योगपती आणि विशीतली मुलगी. तीही तुफान चालली. हे समीकरण उलटं करून, पंचेचाळिशीची उद्योजिका आणि पंचविशीचा मुलगा, असा प्रस्ताव मी एका मीटिंगमध्ये गमतीत मांडला होता. टेबलावर जी शांतता पसरली, ती मला अजून ऐकू येते. मग कुणीतरी चहा मागवला.

तेव्हा तुझी आई कोणत्या जातीची आहे ते आधी शोधून काढ. ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, विचार: पहिल्या पन्नास भागांत हिचा स्वतःचा ट्रॅक, म्हणजे स्वतःचं कथानक, आहे का? महिन्याला किती दिवस पकडलेत? दिवसाच्या दरावर तोंड उघडण्याआधी दिवसांवर बोल. समजा तुला रोजचे पाच हजार मिळतायत. नायिका महिन्याचे पंचवीस दिवस शूट करते, आई बारा दिवस. म्हणजे हातात येणारे साठ हजार, त्यातून दहा टक्के टीडीएस, कोऑर्डिनेटरचं कमिशन, आणि हे सगळं साधारण नव्वद दिवसांनी. शिवाय एक्सक्लुझिव्हिटीचं कलम घातलं तर उरलेल्या अठरा दिवसांत तू दुसरीकडे काम करू शकत नाहीस. नाशिकहून येऊन मीरा रोडला खोली घेणार असशील तर हा हिशोब कागदावर मांड. किमान दिवसांची हमी लिहून माग. ती मिळत नसेल तर एक्सक्लुझिव्हिटी काढून टाकायला सांग. दोन्ही त्यांच्याकडे आणि तुझ्याकडे काहीच नाही, असं नको.

आणि लीप. हे नीट वाच. टीआरपी पडला की चॅनेल लीप घेतं, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतं. पाच वर्षांचा, कधी पंधराचा. रातोरात तू छत्तिसाव्या वर्षी आजी होतेस. सोडते म्हणालीस तर कराराचा भंग, थांबलीस तर पुढचं प्रत्येक ब्रीफ तुला आजीचं येणार, कारण आमच्यासारखे लोक शेवटचं काम बघतात. करारातच लिहून घे की लीप आल्यास पुढे काम करायचं की नाही हे कलाकार ठरवेल, तीस दिवसांच्या नोटिशीवर, दंडाशिवाय. सुरुवातीला हे कलम मान्य होतं, कारण तेव्हा त्यांना लीपची कल्पना नसते. नंतर कुणी देत नाही.

नाटक सोडू नकोस. नाइटचे, म्हणजे दर प्रयोगाचे, पैसे मालिकेच्या मानाने कमी, दौऱ्यात कंबर मोडते, सगळं खरं. पण पाचव्या रांगेपलीकडे कुणाला सुरकुती दिसत नाही. चाळिशीनंतर बाईला मधोमध उभं करणारी जागा अजून तरी रंगमंचच आहे. डबिंगचाही विचार कर. तिथे तुझा चेहरा कुणी मागत नाही. वर लताबाई-आशाबाईंचं सांगितलं ते उगीच नव्हतं.

‘बाईपण भारी देवा’मुळे दिवस बदलले असं तू लिहिलंयस. जरा थांब. २०२३ च्या त्या सिनेमाने सत्तर कोटींच्या वर धंदा केला, सहा बहिणी, सगळ्या संसारात मुरलेल्या, वंदनाताई गुप्ते आणि रोहिणीताई सत्तरीच्या आगेमागे. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, बस करून थिएटरला गेल्या, ते मी ठाण्यात डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी ‘झिम्मा’ होताच, निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी असलेल्या काळात चाललेला. मलाही भरून आलं होतं. त्यानंतर माझ्याकडे ‘बायकांचा ग्रुप’ असलेल्या स्क्रिप्टांचा ढीग आला: ट्रिपला जाणाऱ्या, भिशीच्या, शाळेच्या मैत्रिणी. एका निर्मात्याने म्हटलं, सहापैकी तीन तरुण करू या का? माझं म्हणणं एवढंच की अजून वय एकटीच्या नावावर विकलं जात नाही, ते सहा-सात जणींत वाटून विकलं जातं. एकट्या साठीच्या बाईवर मराठीत सिनेमा उभा करायला कुणी पैसे लावले की मी पेढे वाटेन.

हिंदीत वेब सिरीजने मात्र थोडी फट पाडली. शेफाली शाहने २००५ च्या ‘वक्त’मध्ये तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, स्वतःहून पाचेक वर्षांनी मोठ्या अक्षयकुमारची आई केली. चौदा वर्षांनी ‘दिल्ली क्राइम’ तिच्या खांद्यावर उभी राहिली आणि त्या मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. तिथे डीसीपी वर्तिकाला किशोरवयीन मुलगी आहे, पण ती ‘अमुकची आई’ म्हणून ब्रीफमध्ये आलेली नाही. केस कुणाची, रात्र कितवी, झोप किती झाली, यावरून तिचं वय आपल्याला कळतं. मला हवं असलेलं ब्रीफ हे असं. पण मधल्या चौदा वर्षांचा हिशोब कोण देणार, हेही विचार. सगळ्यांना तेवढं थांबणं परवडत नाही.

कायद्याचं उत्तर छोटं आहे आणि तुला आवडणार नाही. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. वय त्या यादीत नाही. शिवाय ती मनाई मुख्यतः सरकारवर आहे, आणि तू तर कुणाची नोकरदारही नाहीस, दिवसावर काम करणारी कंत्राटी कलाकार आहेस. ‘भूमिकेला शोभत नाही’ म्हटलं की विषय संपतो. अमेरिकेतही हे सोपं नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा केला की कलाकाराने सांगितलं तर आयएमडीबीसारख्या साइटने त्याचं वय काढून टाकावं. तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात टिकला नाही. तुझ्या हातात आहेत त्या गोष्टी साध्या आहेत: लेखी करार, थकलेल्या पैशांसाठी सिंटाकडे, म्हणजे कलाकारांच्या संघटनेकडे, तक्रार, आणि सेटवर कुणी तुझ्या शरीरावरून गलिच्छ बोललं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली प्रॉडक्शन हाउसच्या अंतर्गत समितीकडे अर्ज. समितीच्या सदस्यांची नावं सेटवर लावलेली असायला हवीत. मी पाहिलेल्या निम्म्या सेटवर ती नसतात. पहिल्या दिवशी विचारून घे, भांडण म्हणून नव्हे, चहा कुठे मिळतो हे विचारतेस त्या सुरात.

आमच्या बाजूने काय करता येईल, तेही सांगते, कारण ते मी दोन वर्षांपासून करून बघतेय. ब्रीफ आलं की ‘आई’ शब्दापुढे मी एक कामधंदा लिहून परत पाठवते. आई, पतपेढीत क्लार्क. आई, एसटीची कंडक्टर. आई, ट्यूशन घेते, गणित. मग वय विचारते. गंमत अशी की कंडक्टर म्हटलं की पलीकडची माणसं आपोआप पंचेचाळीस-पन्नास म्हणतात. साडी म्हटलं की पस्तीस. दहातल्या सात वेळा माझी ओळ खोडून ब्रीफ जसंच्या तसं परत येतं. तीन वेळा राहते, आणि तेवढ्या तीन बायकांना काम मिळतं.

तर शुक्रवारी होकार द्यायच्या आधी ईपीला फोन कर आणि विचार, मुलगा घराबाहेर गेल्यावर ही बाई दिवसभर काय करते? त्याने काही सांगितलं, अगदी दोन वाक्यं जरी, तर संध्याकाळी मला कळव, आपण करार वाचू. तो नुसता हसला, तर दर वाढवून माग, लीपचं कलम लिहून घे, आणि तुझ्या गटाच्या एकांकिकेच्या तारखा त्याला आधीच देऊन ठेव.